सोफ्यावरून दिसणारा मासा

“सोफ्यावर बसल्या बसल्या मासे दिसले पाहिजेत, बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.” नवी टाकी लावायला गेलो की हे वाक्य ऐकायला मिळतंच. बोलणारा त्या वेळी सोफ्यावरच असतो आणि टाकीची जागा टीव्हीशेजारी आधीच ठरलेली असते. मी हो म्हणतो, पिशवीतून टेप आणि पाणसळ काढतो आणि फरशीवर उकिडवा बसतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे पावणेसात घनफूट, जवळपास १९० लिटर पाणी. वाळू, दगड, काच आणि खालचा लोखंडी स्टँड धरला की वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. चार धडधाकट माणसं एका जागी वर्षानुवर्षं उभी राहणार आहेत असं समजा. त्यांना टीव्हीच्या प्लायवूडच्या युनिटवर उभं करायचं का, एवढंच मी विचारतो. मग खिडकी बघतो. पश्चिमेचं ऊन काचेवर येत असेल तर महिन्याभरात आतलं सगळं हिरवं होतं आणि फोन मला येतो.

मासे, रंग, सजावट हे सगळं यानंतर.

धंद्याने मी फिश टँकवाला. टाक्या लावतो, सजवतो, पंधरा दिवसांनी जाऊन पाणी बदलतो. मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनने इंटरकॉमवर “मासेवाला आया है” असं सांगून टाकलं. सोसायटी शुद्ध शाकाहारी. मी बादली आणि पाइप घेऊन लिफ्टपाशी पोचतो तोवर सेक्रेटरी खाली हजर. झाकण काढून आतला स्पंज, जाळी आणि कात्री दाखवली तेव्हा कुठे वर सोडलं. तेव्हापासून कुठल्याही गेटवर मी ‘ॲक्वेरियमचं काम’ असं पूर्ण सांगतो.

याआधी मी मखरं करायचो. लालबागच्या एका कारखान्यात तापलेल्या तारेने थर्माकोल कापायचं माझं काम. खांब, कमानी, मोर, प्रभावळ. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि काम बसलं. पुठ्ठ्याची आणि कापडाची मखरं करून बघितली, पण त्यावर बारा महिने पोट भरेना. कुर्ल्याला रंगीत माशांचं दुकान असलेला एक मित्र म्हणाला, “तुझा हात सजावटीचा आहे, मला टाक्या सजवून दे.” मला वाटलं, हे तर तेच काम. समोरून बघायचं, आत वस्तू मांडायच्या.

त्यामुळे माझ्या पहिल्या टाक्या हुबेहूब मखरासारख्या होत्या. मधोमध किल्ला, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची प्लॅस्टिकची झाडं, खाली निळी खडी, मागे प्रवाळाचं पोस्टर आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडत झाकण उघडमीट करणारी खजिन्याची पेटी. सगळं मोजूनमापून. गिऱ्हाईक खूश. मखराची आणि टाकीची जात वेगळी आहे हे कळायला मला डोंबिवलीला जावं लागलं. मखर दीड दिवस, पाच दिवस, फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत टिकलं की झालं, आणि आत बसलेला देव काही तक्रार करत नाही.

डोंबिवलीत एका घरी वास्तुशांत होती. आदल्या दिवशी टाकी लावली. खडी, किल्ला, फिल्टर सगळं नळाखाली धरून चकचकीत धुतलं, पाण्यात क्लोरीन मारणारं औषध घातलं आणि संध्याकाळी वीस मासे सोडले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी जेवणापेक्षा टाकीचे फोटो जास्त काढले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडमीट करायला लागले. आठवडा संपेपर्यंत दोन उरले. काकू भांडल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, “अहो, नव्या घरात रोज सकाळी उठून मेलेला जीव उचलायचा, बरं वाटतं का हो ते?”

चूक माझी होती, आणि ती सजावटीतच होती. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच घाण करतो, त्याच्या कल्ल्यांतूनही ॲमोनिया बाहेर पडतो. तळ्यात तो खाऊन टाकणारे जिवाणू असतात. एक प्रकारचे जिवाणू ॲमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला विषच. तिसरं त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते वाळूच्या कणांवर, दगडांवर, लाकडावर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. म्हणजे मी ज्या वस्तू शोभेच्या समजत होतो, त्या टाकीच्या दृष्टीने बिऱ्हाडं होती, आणि मी ती रिकामी ठेवून मासे आणून बसवले होते. ही वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

एवढं सगळं गिऱ्हाइकाला सांगत बसलो तर तो दुसरा माणूस बघतो. म्हणून मी विरजणाचं सांगतो. दुधात विरजण घातल्यावर लगेच दही मिळतं का? तसंच. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून मी नव्या टाकीत पिळतो. तपकिरी, गढूळ पाणी आत जातं. त्या क्षणी मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण नव्या कोऱ्या टाकीचे पैसे देऊन त्याने घाण विकत घेतलेली असते. पण घरातल्या आजींना हे पटकन कळतं. “म्हणजे नासायला नको, लागायला हवं,” असं एकीने सांगितलं. मी आता तेच वाक्य सगळीकडे वापरतो.

याच कारणाने दिवाळीनंतरचा आठवडा माझा सगळ्यात वाईट. साफसफाईच्या भरात कोणीतरी टाकी उपसतं, खडी साबणाच्या पाण्यात घासतं, स्पंज नळाखाली पिळून उन्हात वाळवतं आणि पाडव्यापर्यंत सगळं पुन्हा लख्ख मांडतं. भाऊबीजेला फोन.

ठाण्याच्या टाकीने मला दुसरी गोष्ट शिकवली. तीन फुटी टाकी दुसऱ्या कोणीतरी लावलेली होती. पांढरीशुभ्र संगमरवरी खडी, एक किल्ला, निळं पोस्टर, वर डोळे दिपवणारा दिवा. आत दहा-बारा विडो टेट्रा, आणि ते सगळे फिल्टरच्या पाइपामागे एकमेकांना चिकटून. मालकांची तक्रार अशी की हजारो रुपये घालून मासे दिसतच नाहीत, त्यांची मुलगी काचेवर टिचक्या मारून मारून कंटाळली. त्यांचा उपायही तयार होता: “तो किल्लाही काढून टाका, म्हणजे लपायला जागाच राहणार नाही.”

मला एकदम तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. मरीन ड्राइव्हवरची ती इमारत १९५१ साली डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली. लहानपणी आई आम्हाला चर्नी रोडला उतरवून तिथे न्यायची. एका काचेत दगडाआडून नुसती एक शेपटी हलत होती. मी पुढे जायला निघालो तर आईने खांद्याला धरून थांबवलं. “थांब जरा, येईल तो.” मागची माणसं ढकलत होती, पण आई हलली नाही. आणि मासा आला, अगदी काचेला तोंड लावून गेला.

ठाण्याच्या साहेबांकडे मी एक आठवडा मागून घेतला आणि त्यांनी सांगितलं त्याच्या उलट केलं. खडी काढून गडद वाळू घातली. पोस्टर फाडून मागे काळा कागद लावला. एक फांद्यांचं लाकूड आडवं टाकलं, त्याला जावा फर्न दोऱ्याने बांधलं, मागच्या काचेलगत वॅलिस्नेरियाच्या लांब पट्ट्या लावल्या आणि दिव्याची वेळ आठ तासांवर आणली. दोन दिवस मासे कुठे गेले तेच कळेना. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, “तुम्ही नवे मासे सोडलेत का? हे काळे कुठून आले?” मासे तेच होते. उजळ तळावर बरेच मासे अंगाचा रंग फिका करतात, गडद तळावर तो परत येतो. आणि धोका वाटला तर शिरायला जागा आहे एवढी खात्री पटली की ते मधल्या मोकळ्या पाण्यात येऊन फिरतात. नागडी टाकी त्यांना भर रस्त्यासारखी वाटत असावी. टिचक्या मात्र मुलीने लगेच सोडल्या नाहीत.

वॅलिस्नेरियाबद्दल मला एक विशेष प्रेम आहे. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि हेच गवत ठेवलं, आणि सडलेली पानं पाणी बिघडवायला लागली तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या. घरातल्या टाकीची कल्पना पुढे अशाच प्रयोगांतून रुजली. म्हणजे टाकीतलं झाड आधी कामाला आलं, शोभेला नंतर. गोगलगाय दिसली की आजही गिऱ्हाइकं “शी!” करतात, तेव्हा मी हे सांगतो. उपयोग होत नाही.

आता सामानाबद्दल, कारण टाकी खरी तिथेच बिघडते. वाळू बाजारात मिळते, पण बांधकामाच्या साइटवरून फुकट आणलेली क्रश सँड माझ्यापुढे टाकणारे खूप. ती दगड फोडून केलेली असते, कणांना धार असते. तळाशी मिशांनी चाचपडत फिरणाऱ्या कोरीडोराससारख्या माशांच्या मिशा तिने झिजतात. गोल कणांची वाळू घ्यायची आणि तांदूळ धुतो तशी धुवायची, फक्त सात-आठ बादल्या पाण्याने. रंगीत खडीचा रंग पाण्यात उतरतो की नाही ते रात्रभर एका पांढऱ्या भांड्यात भिजवून बघायचं.

दगड मी शक्यतो आपला काळा पाषाणच घेतो. सह्याद्रीचा हा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही, शेवाळ धरलं की आणखी देखणा दिसतो आणि काळ्या कातळावर हिरवं फर्न म्हणजे पावसाळ्यातला घाटच घरात. पण त्यातही फसवणूक आहे. दख्खनच्या या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, त्यातले काही चुनखडीचे. म्हणून पांढरी शीर दिसली की मी त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकतो. फसफसलं तर तो दगड दारातल्या कुंडीशेजारी. दगड मांडताना तो वाळूवर ठेवायचा नाही, आधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा किंवा फोमचा तुकडा, त्यावर दगड, मग भोवती वाळू. नाहीतर एखादा बिळं खोदणारा मासा खालची वाळू उपसतो आणि दगड काचेवर कलंडतो. थर्माकोल माझा पिच्छा सोडत नाही तो असा.

लाकूड उकळून, आठवडाभर भिजवून वापरावं लागतं. तरीही ते चहासारखा रंग सोडतं आणि “पाणी घाण झालं” म्हणून फोन येतोच. तो टॅनिनचा रंग असतो, त्याने माशांचं काही बिघडत नाही, उलट बेट्टासारख्या माशांना मानवतो. सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं ना, त्याची वाळून लाल झालेली पानंही याच कामाची. वांद्र्याच्या एका वॉचमनकाकांना मी ती गोळा करून ठेवायला सांगितलं होतं. पहिले दोन महिने त्यांना वाटलं मी काहीतरी करणी करतो.

फोनवर फोटो दाखवून “असं पाहिजे” म्हणणारी तरुण मंडळी वेगळी. फोटो बहुतेक वेळा ताकाशी अमानो यांच्या पद्धतीचे असतात. हे जपानी छायाचित्रकार १९५४ ते २०१५ पर्यंतचे. टाकी म्हणजे निसर्गाचा एक तुकडा ही त्यांची दृष्टी जगभर पसरली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी शेवटी रचलेली टाकी ४० मीटर लांब आहे, १ लाख ६० हजार लिटर पाण्याची. त्यांच्या इवागुमी मांडणीत नुसते दगड आणि गवत, दगडांची संख्या विषम, एक मुख्य आणि बाकीचे त्याच्या आधाराने झुकलेले. तीन दगडांच्या जागा ठरवायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती. मखराच्या सवयीमुळे हात मधोमधच जायचा.

फोटोत दिसत नाही ते असं: ते बुटकं हिरवं गवत टिकवायला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं, तीव्र दिवा लागतो, खताचा हिशेब लागतो आणि दर आठवड्याला कात्री. शिवाय यातली बरीच झाडं थंड पाण्यात खुलतात. मुंबईत एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी तिशी ओलांडतं. पवईच्या एका मुलाने सगळं सामान आणलं, दोन महिने टाकी बघत राहावी अशी होती, मग त्याची बंगळुरूला बदली झाली आणि त्याच्या आईने मला विचारलं, “याला रोज काय घालायचं असतं?” आता मी आधी विचारतो की घरात रोज कोण असतं. जे उत्तर येतं त्यावरून झाडं ठरतात. नोकरी करणारी दोघंच असतील तर दगडाला बांधलेला अनुबियास, जावा फर्न, आणि टाकीच्या कडेवरून मुळं पाण्यात सोडलेला मनी प्लांट. मनी प्लांटची मुळं नायट्रेट खातात आणि पानं दिवाणखान्यात पसरतात. अमानोंना हे आवडलं असतं की नाही कोण जाणे, पण मरत नाही.

शोरूमवाल्या शेठचं सजावटीशी देणंघेणं नसतं, त्यांना ईशान्य कोपरा हवा असतो आणि फ्लॉवरहॉर्न. हा मासा मलेशियात माणसाने संकर करून घडवलेला, कपाळावर टेंगूळ, स्वभाव खुनशी. एका शेठनी हट्टाने आत रेझिनचं मंदिर बसवायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते उताणं. नोकरावर आळ आला. मग सीसीटीव्हीत रात्रीचं चित्रण बघितलं तर मासाच डोकं लावून ढकलत होता. आता त्या टाकीत एक मातीचं मडकं आहे आणि तेही त्याला हवं तिथे असतं.

गिरगावातल्या आजींची टाकी मात्र मला मनापासून आवडते. त्या निवृत्त शिक्षिका. आजोबांनी मालवण, गुहागर, दिवेआगरच्या किनाऱ्यांवरून आयुष्यभर वेचलेले शंख-शिंपले बरण्यांत भरून ठेवलेले, आणि ते टाकीत मांडायचे म्हणून त्यांनी टाकी घेतली होती. यादीत मासे निऑन टेट्रा. मी स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवून एका शिंपल्यावर थेंब टाकला. फस्स. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होतं. आपलं तानसा-भातसाचं पाणी मुळात मऊ, निऑनला ते बरं, शिंपल्यांनी त्याचे हाल होतील. शिवाय अरुंद शंखात छोटा मासा शिरला तर मागे फिरता येत नाही. आजोबांच्या वस्तूंना नाही कसं म्हणायचं याचा मी दोन दिवस विचार करत होतो. आजींनी सगळं ऐकून घेतलं, वर्गात विचारावं तसं विचारलं, “मग शिंपले चालतील असे मासे नसतात का?”

असतात. मोलीला जड पाणीच लागतं. इतकी वर्षं मी माशाला जुळेल अशी सजावट शोधत होतो, सजावटीला जुळेल असा मासा शोधायचं डोक्यात आलं नव्हतं. सगळे शंख उकळले, आत काही सुकून राहिलेलं नाही ना ते बघितलं, अरुंद तोंडांत वाळू ठासून बंद केली आणि मोठे शिंपले उपडे, खाली पोकळी राहील असे मांडले. प्रवाळाचा प्रश्न आला नाही, बरं झालं. बाजारात पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे अजून कोणी कोणी पुढे करतं. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, मी ते हातात घेत नाही.

पाच आठवडे टाकी माशांविना चालवली. आजी रोज रिकाम्या टाकीसमोर बसून पेपर वाचायच्या. मग चार मोली सोडल्या, एक नर आणि तीन माद्या. मोली अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि भूक लागली तर स्वतःची पिल्लंही खाते. इथली पिल्लं शिंपल्यांखाली लपली म्हणून वाचली. गेल्या खेपेला आजींनी वहीत मोजून ठेवलेला आकडा दाखवला, सतरा.

शंखांवर आता हिरवं शेवाळ चढलंय, आजोबांनी वेचलेले रंग दिसेनासे झालेत. मी दर वेळी ब्रश घेऊन जातो. मोली दिवसभर ते शेवाळ खुडून खातात, म्हणून आजी घासू देत नाहीत.